सुभाष गुप्ते : फिरकीचा धनी, न्यायाला पारखा

वऱ्हाडातल्या माणसाला लँकेशायर हे नाव परके वाटू नये. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस तिथेच अडकला आणि इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा गिरणीमालकांची नजर वळली ती आपल्या काळ्या जमिनीकडे. अकोला, अमरावती, खामगावच्या बाजारांत कापसाच्या गाड्यांची रीघ लागली. आगगाडीचे रूळ आले, जिन-प्रेस उभे राहिले. 1870 साली खामगावची आगगाडी सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, यावरून त्या पांढऱ्या सोन्याचे मोल लक्षात यावे.

ज्या परगण्यात वऱ्हाडचा कापूस गेला, त्याच परगण्यात पुढे काही भारतीय माणसे रोजीरोटीसाठी गेली. ती गिरणीत राबायला गेली नव्हती, तर गिरणीकामगारांच्या क्लबांतून पगारावर क्रिकेट खेळायला गेली होती. त्यांतला एक होता मुंबईचा मराठी मुलगा, सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते. आजच्या पिढीला हे नाव क्वचितच ठाऊक असते. पण जगातल्या श्रेष्ठ लेगस्पिनरांची यादी करताना जुने जाणकार ज्याच्यापाशी थबकतात, असा हा गोलंदाज. मनगटाच्या जोरावर त्याने जग जिंकले आणि हॉटेलातल्या एका टेलिफोनपायी, तोही दुसऱ्याने केलेल्या, सारे गमावले.

क्रिकेटचा सालदार

लँकेशायरची ही गावे खेळवेडी. 1885 साली इंग्लंडमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळायला मान्यता मिळाली आणि 1888 साली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. तीत ब्लॅकबर्न, बर्नली, अ‍ॅक्रिंग्टन अशी कापडगिरण्यांची गावे पहिल्यापासून होती. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली की कामगार थेट मैदान गाठत. हिवाळ्यात फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट. 1892 साली याच टापूत लँकेशायर लीग ही क्रिकेट स्पर्धा सुरू झाली.

या लीगची एक वेगळीच रीत होती. प्रत्येक क्लबात दहा गडी हौशी असत. कुणी विणकर, कुणी खाणकामगार, कुणी कारकून, कुणी शाळामास्तर. अकरावा मात्र पगारी. गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि तिकिटांच्या पैशांतून त्याचे मानधन निघे. आपल्याकडे शेतकरी पाडव्याला सालदार ठेवतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की हा सालदार एप्रिल ते सप्टेंबर असा एका हंगामापुरता. एखाद्याने अर्धशतक काढले किंवा गोलंदाजीत मोठा पराक्रम केला, की प्रेक्षकांतून डबा फिरे आणि खुर्दा खळखळू लागे. पण सामना हरला तर बोल लागे तोही आधी पगारी खेळाडूलाच.

कौंटी क्रिकेट ही वरच्या दर्जाची पायरी. पण परदेशी खेळाडूला कौंटीकडून खेळायचे तर आधी काही वर्षे तिथे वास्तव्य करावे लागे. हा नियम 1968 साली सैल झाला. तोवर परदेशी खेळाडूला पैसे मिळवायचे ते या गावोगावच्या लीगमध्येच. वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून नेल्सन गावाचे लाडके झाले होते. आपले अमरसिंग कोल्न क्लबाकडून खेळले, लाला अमरनाथ नेल्सनकडून आणि विनू मांकड हॅस्लिंग्डनकडून. याच वाटेने 1950च्या दशकात सुभाष गुप्ते ब्लॅकबर्नजवळच्या रिश्टन या छोट्याशा विणकरी गावात पोचले आणि तिथल्या क्लबाचे पगारी खेळाडू म्हणून हंगामामागून हंगाम खेळले.

मनगटातली जादू

गुप्त्यांचा जन्म 11 डिसेंबर 1929 रोजी मुंबईत झाला. अंगकाठी लहानखुरी. पण मनगट असे, की चेंडू हातातून सुटताना त्याला हवा तसा पीळ बसावा. लेगब्रेक हे त्यांचे मुख्य अस्त्र. त्याच हालचालीत टाकलेला, पण टप्पा पडताच उलट वळणारा चेंडू म्हणजे गुगली. सामान्य गोलंदाजाला एक गुगली साधता साधता आयुष्य जाते, गुप्त्यांकडे ती दोन तऱ्हांची होती. वर चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढायची हिंमतही होती. लेगस्पिनरला मार खावा लागतोच. गुप्ते मार खाऊनही पुढचा चेंडू तितकाच उंच टाकत.

1951च्या अखेरीस कोलकात्यात इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. 1952च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांना नेले नाही. पण 1953 साली वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर त्यांचे नाणे खणखणीत वाजले. वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे तीन दिग्गज समोर असताना त्यांनी पाच कसोटींत 27 बळी घेतले. त्रिनिदादच्या लोकांना तर ते इतके आवडले, की त्यांच्याच विल्फ फर्ग्युसन या लेगस्पिनरवरून त्यांनी गुप्त्यांचे नाव फर्गी ठेवले. ते नाव आयुष्यभर टिकले. त्याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाच्या कॅरल यांच्याशी त्यांची ओळख झाली, आणि पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या.

1954-55च्या मोसमात पाकिस्तानात पाच कसोटींत 21 बळी, त्याच्या पुढच्या मोसमात न्यूझीलंडविरुद्ध पाच कसोटींत 34 बळी. डिसेंबर 1954 मध्ये पाकिस्तानी सेनादल आणि बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना त्यांनी एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या सामन्यात असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय.

मग असा गोलंदाज रिश्टनसारख्या खेड्यात का जात होता? उत्तर कॅलेंडरात आहे. एप्रिल 1953 नंतर भारताची पुढची कसोटी झाली ती थेट जानेवारी 1955 मध्ये. नोव्हेंबर 1956 नंतर पुन्हा दोन वर्षे एकही कसोटी नाही. कसोटी खेळाडूला मिळे तो किरकोळ भत्ता, त्यावर संसार चालत नसे. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी संस्थानिकांच्या आश्रयाने दिवस काढी. ज्याच्या हातात कला होती, त्याला त्या कलेचे रोख दाम देणारी जागा एकच होती, लँकेशायर.

दाम मिळे, पण ते सोपे नव्हते. एप्रिल-मेमधली तिथली थंडी, भुरभुर पाऊस, ओला चेंडू. लेगस्पिनरचे सारे कौशल्य बोटांत आणि मनगटात, आणि तीच गारठलेली. गुगली फलंदाजाला कळू नये हे खरे, पण ती आपल्याच हौशी यष्टिरक्षकालाही कळत नसेल तर काय करणार? तरीही ज्या गावाने दाम मोजले, त्याच्यासाठी प्रत्येक शनिवारी अंग मोडून खेळायचे, हा पगारी खेळाडूचा धर्म.

मंडळ आणि मजूर

पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे आपल्या क्रिकेट मंडळाची पाहण्याची दृष्टी मात्र निराळी होती. 1952 साली मांकडांना हॅस्लिंग्डनचे बोलावणे होते. इंग्लंड दौऱ्यासाठी माझी निवड नक्की असेल तर मी ते नाकारतो, एवढेच आश्वासन त्यांनी मागितले. मंडळाने ते दिले नाही, मांकडांनी करार केला. मग पहिली कसोटी हरल्यावर मंडळालाच हॅस्लिंग्डनकडून त्यांना मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सच्या कसोटीत मांकडांनी 72 आणि 184 धावा काढल्या आणि एका डावात पाच बळी घेतले. पोटासाठी खेळणाऱ्यालाही देशाची चाड असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

गुप्त्यांनीही देशासाठी हात आखडता घेतला नाही. डिसेंबर 1958 मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी एका डावात 102 धावांत नऊ बळी घेतले. दहावा बळी पदार्पण करणाऱ्या वसंत रांजण्यांनी घेतला, म्हणून कसोटीतला तो दुर्मिळ विक्रम एका गड्याने हुकला. सामना आपण 203 धावांनी हरलो. गुप्त्यांच्या नशिबी बहुधा हेच असे. ते बळी घेत आणि बाकीचा संघ कोसळे.

डिसेंबर 1961. पुन्हा कानपूर, समोर इंग्लंड. गुप्त्यांनी 90 धावांत पाच बळी घेतले आणि भारताने इंग्लंडवर पहिल्यांदाच फॉलोऑन लादला. त्याच महिन्यात त्यांनी वयाची 32 वर्षे पूर्ण केली. फिरकी गोलंदाज याच वयात पिकतो. पण पुढच्याच मुक्कामी, दिल्लीत, त्यांच्या कारकिर्दीवर कुऱ्हाड कोसळली.

संघ इम्पीरियल हॉटेलात उतरला होता. गुप्ते आणि कृपालसिंग एका खोलीत राहत होते. कृपालसिंगांनी खोलीतल्या फोनवरून हॉटेलच्या स्वागतिकेला, काम संपल्यावर सोबत पेय घ्यायला येण्याविषयी विचारले. तिला ते आवडले नाही आणि तिने संघाच्या व्यवस्थापकांकडे तक्रार केली. तक्रार करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. पण मंडळाने शिक्षा दिली ती दोघांनाही. खोलीत फोन झाला, तर गुप्त्यांनी सोबत्याला अडवायला हवे होते, असा तो न्याय. एका प्रौढ माणसाला फोन करण्यापासून मी कसा रोखणार, हा गुप्त्यांचा साधा प्रश्न कुणी मनावर घेतला नाही.

उरलेल्या कसोटींतून त्यांना वगळले. भारताने कोलकाता आणि मद्रास जिंकून इंग्लंडविरुद्धची पहिली मालिका पटकावली, तेव्हा त्या आनंदात गुप्ते नव्हते. 1962च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावरही त्यांना नेले नाही, आणि तिथे आपण पाचही कसोटी हरलो. कृपालसिंग 1964 मध्ये पुन्हा कसोटी खेळले. गुप्त्यांना मात्र बोलावणे कधीच आले नाही. 36 कसोटी, 149 बळी, सरासरी 29.55. डावात पाच बळी बारा वेळा. दीडशेला एक बळी कमी, आणि खाते कायमचे बंद.

परक्या अंगणात घर

गुप्त्यांनी देश सोडला आणि पत्नीच्या त्रिनिदादमध्ये बिऱ्हाड केले. ते बेट म्हणजे 1845 पासून ऊसमळ्यांवर राबायला नेलेल्या भारतीय गिरमिटियांचे. 1963-64च्या मोसमात ते त्रिनिदादकडूनही खेळले. कारकीर्द संपली तेव्हा प्रथम श्रेणीतले त्यांचे बळी होते 530. मार्च 1971 मध्ये भारताने वेस्ट इंडिजला त्यांच्या भूमीवर पहिल्यांदा हरवले, ते त्याच त्रिनिदादमध्ये आणि फिरकीच्याच बळावर. ज्याने ती वाट 1953 साली दाखवली, तो गोलंदाज तेव्हा त्याच बेटाचा रहिवासी होता.

गॅरी सोबर्स शेवटपर्यंत म्हणत राहिले, की आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर गुप्तेच. शेन वॉर्नचा उदय झाल्यावरही त्यांनी ते मत बदलले नाही. ज्या फलंदाजाने सगळ्यांना तुडवले, त्याचे हे प्रशस्तिपत्र. आपल्या मंडळालाही उशिरा का होईना जाग आली आणि अखेरच्या वर्षांत त्यांचा सन्मान झाला. 31 मे 2002 रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.

रिश्टनच्या विणकरांनी गुप्त्यांना ठरवून दाम दिले आणि त्यांच्याकडून ठरवून काम घेतले. व्यवहार रोकडा, पण सरळ होता. उलट ज्यांच्यासाठी ते मानाने, जवळजवळ फुकट राबले, त्यांनी विचारपूससुद्धा धड केली नाही. आज क्रिकेटपटूंवर कोट्यवधींची बोली लागते, त्यांचे करार होतात, त्यांच्या बाजूने बोलायला वकील उभे राहतात. गुप्त्यांच्या काळी यांतले काहीच नव्हते. कलावंताला पैसा उशिरा मिळाला तर तो कसेबसे निभावून नेतो, न्याय उशिरा मिळाला तर त्याची उमेदीची वर्षे परत येत नाहीत. आपल्या घरात, शाळेत, कचेरीत दुसऱ्याच्या चुकीचे माप एखाद्याच्या पदरात घालण्यापूर्वी, त्याचे म्हणणे नुसते ऐकून घेतले तरी पुरे.