स्पार्क प्लग नाही, तरी पेट घेतं! डिझेल इंजिन देणाऱ्या रुडॉल्फ डिझेलची गोष्ट

विहिरीवरचं इंजिन असो की ट्रॅक्टर, डिझेलशिवाय पान हलत नाही. पण डिझेल हे आधी तेलाचं नाही, माणसाचं नाव.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आई-वडील जर्मन. १८७० साली युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडावं लागलं. बारा वर्षांच्या पोराला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकला शिकताना त्याला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली सुमारे ९० टक्के ताकद वाया घालवतं. ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली.

सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? तेच सूत्र. सिलिंडरमध्ये नुसती हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापेल, मग डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. ठिणगीची गरजच नाही.

१८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच ऑगस्टमध्ये पहिल्या चाचणीत दाब मोजायचं यंत्रच फुटलं. तरी तो हटला नाही. १८९७ मध्ये त्याच्या इंजिनाने तेलातली सुमारे २६ टक्के ताकद कामाला लावून दाखवली.

नाव झालं, पैसा आला. पण कोर्टकज्जे, आजारपण आणि फसलेले व्यवहार यांत तो कर्जबाजारी झाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेसडेन’ बोटीवरून तो गायब झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. मृत्यूचं कोडं आजही सुटलेलं नाही.

त्याचं सूत्र मात्र आजही इंजिनाची नाडी सांगतं:

- काळा धूर: हवा कमी पडते किंवा फवारा नीट नाही. आधी एअर फिल्टर, मग नोझल बघा. लोड जास्त असेल तरी असाच धूर येतो.
- निळा धूर: ऑइल जळतंय. रिंगा झिजल्या असतील.
- पांढरा धूर, सुरू व्हायला त्रास: डिझेल येतं, पण नीट पेटत नाही. कॉम्प्रेशन तपासा.
- हँडल मारूनही धूरच नाही: डिझेल पोचत नाही. टाकी, फिल्टर बघा, पाइपातली एअर काढा.

दाब टिकला तर ताप, ताप असेल तर पेट. मिस्त्रीला बोलवायच्या आधी धुराचा रंग बघा, निम्मा आजार तिथंच कळतो.