जंगल खात्याच्या साहेबाने सायकल शोधली, पण लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं

सोशल मीडियावर हल्ली ग्रॅव्हल बाइकचे व्हिडिओ बरेच दिसतात. जाड टायरची सायकल घ्यायची, डांबरी रस्ता सोडायचा आणि कालव्याच्या कडेने, पाणथळ भागातून, जंगलातल्या खडीच्या वाटेने दिवसभर भटकायचं. बघणाऱ्याला वाटतं, हे काहीतरी नवीन फॅड आलंय.

पण सायकल जन्माला आली तेव्हा डांबरी रस्ते नव्हतेच. होती ती माती, खडी आणि बैलगाडीच्या चाकोरीसारखे खोल खड्डे. आणि ती ज्याने बनवली तो माणूस नोकरीने जंगल खात्यातला अधिकारी होता.

त्याचं नाव कार्ल फॉन ड्राइस.

ड्राइसचा जन्म 29 एप्रिल 1785 चा. गाव कार्ल्सरूह. आज ते जर्मनीत आहे, पण तेव्हा जर्मनी नावाचा एकसंध देशच नव्हता. छोटी-मोठी संस्थानं होती, त्यातलं बाडेन हे एक. घराणं सरदारी. वडील कायद्याचे मोठे जाणकार, पुढे बाडेनचे सर्वोच्च न्यायाधीश झाले. म्हणजे पोराला काही कमी नव्हतं.

त्याने काकाच्या वनविद्येच्या शाळेत धडे घेतले. मग हायडेलबर्ग विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र आणि वास्तुशास्त्र शिकला. त्यानंतर जंगल खात्यात चांगली नोकरी लागली. पण साहेबांचं लक्ष झाडांत कमी आणि यंत्रांत जास्त. शेवटी 1811 मध्ये त्याला कामातून मोकळं करण्यात आलं. पगार मात्र चालू राहिला. वरिष्ठांनी सांगितलं, तुमचे शोध लावा.

आणि त्याने खरंच लावले. पियानोवर वाजवलेलं संगीत कागदावर उतरवणारं यंत्र बनवलं. मग 1813 मध्ये चार चाकांची, घोड्याशिवाय माणसाच्या पायाच्या जोरावर चालणारी गाडी केली. रशियाच्या झारला ती दाखवली. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपभरचे राजे व्हिएन्नाला जमले, तेव्हा गाडी तिथेही नेली. गंमत म्हणून सगळ्यांनी पाहिली. विकत कोणीच घेतली नाही.

त्यानंतर त्याने चारची दोन चाकं केली, तीही एकामागे एक.

आता हा बदल नेमका तेव्हाच का झाला, यावर एक भन्नाट तर्क आहे. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आणि वायू वातावरणात इतके वर गेले की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. 1816 च्या जून-जुलैमध्ये थंडी, सततचा पाऊस, शेतात कुजलेलं पीक. धान्य महागलं, ओट महागले. ओट म्हणजे घोड्याचा खुराक. तेव्हाचा सगळा प्रवास घोड्यावर. घोड्याला खायला घालणं परवडेना, म्हणून ड्राइसने घोड्याला पर्याय शोधला, असं सायकलचे अभ्यासक हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी मांडलं. हा तर्क सगळ्यांनाच मान्य नाही. पण त्या वर्षी बाडेनमध्ये भूक आणि महागाई होती, यात वाद नाही.

आता त्याचं यंत्र कसं होतं ते पाहू.

लाकडाची एक लांब दांडी. खाली दोन लाकडी चाकं, त्यांना लोखंडी धावा. मध्ये गादीचं बसायला. पुढे कोपर टेकवायला फळी आणि पुढचं चाक वळवायला दांडा. मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेक. वजन साधारण 22 किलो. पेडल नाही, साखळी नाही. बसायचं आणि पायाने जमीन मागे ढकलत पळायचं. वेग आला की दोन्ही पाय उचलायचे आणि यंत्राला धावू द्यायचं.

ऐकायला हे साधं वाटतं, पण खरी मेख इथेच आहे. एकामागे एक असलेल्या दोन चाकांवरची गाडी उभी राहत नाही, पडते. हे लहान मुलालाही कळतं. पण ती चालत असताना, ज्या बाजूला झुकते त्या बाजूला पुढचं चाक किंचित वळवलं, की गाडी पुन्हा सावरते. तोल सांभाळायचा तो हँडलने. हे तत्त्व ड्राइसने चालत्या यंत्रात उतरवून दाखवलं. आजची प्रत्येक सायकल आणि प्रत्येक मोटरसायकल त्याच तत्त्वावर चालते.

तारीख 12 जून 1817. ड्राइस मॅनहाइम शहरातून निघाला आणि श्वेत्सिंगेनच्या रस्त्याला लागला. साधारण 7 किलोमीटरवर रस्त्याकडेला घोडे बदलायचं ठाणं होतं. तिथपर्यंत जाऊन तो परत आला. सगळं मिळून तासाभरात.

हा रस्ता त्याने उगाच निवडला नव्हता. बाडेनमधल्या सगळ्यात चांगल्या रस्त्यांपैकी तो एक होता. आजूबाजूचा मुलूख मात्र ऱ्हाइन नदीच्या खोऱ्याचा. तेव्हाची ऱ्हाइन वळणं घेत, बेटं आणि दलदल सोडत वाहायची. पूर आला की पात्र बदलायची. नदीची वळणं कापून तिला सरळ करण्याचं मोठं काम योहान गॉटफ्रीड टुला या बाडेनच्याच इंजिनिअरने सुरू केलं, तेही 1817 मध्येच. म्हणजे एकाच वर्षी एका छोट्या संस्थानात एक माणूस नदीला वळण लावत होता आणि दुसरा दोन चाकांना.

त्याच वर्षी ड्राइसने गेर्न्सबाखहून बाडेन-बाडेनपर्यंत डोंगर ओलांडूनही यंत्र नेलं. मधला भाग ब्लॅक फॉरेस्टच्या उतारांचा. टायर नाही, स्प्रिंग नाही, लोखंडी धावेचं चाक थेट दगडावर. ग्रॅव्हल रायडिंगचा इतिहास लिहायचा झाला, तर पहिलं पान इथून सुरू करावं लागेल.

12 जानेवारी 1818 ला बाडेनच्या राजाने त्याला दहा वर्षांचा हक्क दिला. प्रोफेसरची पदवी दिली, निवृत्तीवेतन दिलं. पण हा हक्क बाडेनच्या हद्दीपुरता. हद्द ओलांडली की कोणीही नक्कल करायला मोकळा. पॅरिसमध्ये नकला झाल्या. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या गाडी बनवणाऱ्याने 1818 मध्येच सुधारित यंत्राचं पेटंट घेतलं. तिथल्या श्रीमंत पोरांत त्याची इतकी क्रेझ आली की लोक त्याला छानछोकी करणाऱ्यांचा घोडा म्हणू लागले.

मग नडलं काय? रस्ता.

गाड्यांच्या चाकांनी रस्त्यात खोल चाकोऱ्या पडलेल्या. त्यात दोन चाकांवर तोल सांभाळणं महाकठीण. म्हणून चालवणारे सरळ पादचाऱ्यांच्या फुटपाथवर चढायचे. तिथे चालणाऱ्यांना धडका बसू लागल्या. मॅनहाइमने डिसेंबर 1817 मध्येच फुटपाथवर बंदी घातली. म्हणजे पहिल्या सफरीला जेमतेम सहा महिने झाले होते. पुढे इंग्लंड आणि अमेरिकेत बंदी आली. एवढंच काय, आपल्याकडे कलकत्त्यातही आली. रस्ता खराब आणि फुटपाथ बंद, मग यंत्र चालवायचं कुठे? दोन-तीन वर्षांत हौस विरली.

इथून ड्राइसच्या आयुष्याचीही उतरंड लागली, आणि तिचं कारण सायकल नव्हतं.

मार्च 1819 मध्ये कार्ल लुडविग झांड नावाच्या विद्यार्थ्याने मॅनहाइममध्ये कोत्सेबू या नाटककाराचा खून केला. कोत्सेबू प्रतिगामी विचारांचा, त्यामुळे अनेक तरुणांना झांड हीरो वाटत होता. त्याला देहदंड झाला. बाडेनचे सर्वोच्च न्यायाधीश होते ड्राइसचे वडील. त्यांनी दया दाखवली नाही, याचा राग विद्यार्थ्यांनी मुलावर काढला. ड्राइसला जिथे तिथे त्रास सुरू झाला. शेवटी 1822 मध्ये तो थेट ब्राझीलला गेला. तिथे निसर्गसंशोधक लांग्सडोर्फ यांच्या मळ्यावर जमीन मोजणीचं काम त्याने केलं. परतला तो 1827 मध्ये.

एवढं होऊनही शोध थांबले नव्हते. 1821 मध्ये 25 कळांचं टाइप करायचं यंत्र झालं. मांस बारीक करायचं यंत्र झालं, लाकूड वाचवणारी चूल झाली. पैसा मात्र कशातूनच आला नाही. 1830 मध्ये वडील वारले आणि पाठीशी उभं राहणारं कोणी उरलं नाही. 1838 मध्ये त्याच्यावर जीवघेणा हल्ला झाला. त्यातून वाचला आणि ओडेनवाल्डच्या जंगलातल्या वाल्डकात्सेनबाख या खेड्यात जाऊन राहिला. तिथेच त्याने रुळांवर माणसाच्या ताकदीने चालणारी छोटी गाडी बनवली. अशा गाडीला जर्मनमध्ये आजही त्याच्याच नावावरून ड्राइसिने म्हणतात.

1848-49 मध्ये बाडेनमध्ये लोकशाहीसाठी क्रांती झाली. साठी ओलांडलेल्या ड्राइसने तिच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. त्याने आपली सरदारकी जाहीरपणे सोडली, नावातला फॉन काढून टाकला. यापुढे फक्त नागरिक कार्ल ड्राइस.

प्रशियाच्या सैन्याने क्रांती चिरडली आणि त्याला याची किंमत मोजावी लागली. क्रांतीचा खर्च वसूल करायचा म्हणून त्याचं निवृत्तीवेतन जप्त झालं. राजाच्या बाजूच्या लोकांनी त्याला वेडा ठरवून डांबायचाही प्रयत्न केला. 10 डिसेंबर 1851 रोजी कार्ल्सरूहमध्ये तो वारला, तेव्हा हातात काहीच नव्हतं. त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा वाढत होता. त्याचं नाव कार्ल बेंझ. पुढे मोटरगाडी बनवणारा तोच.

पेडल आलं ते 1860 च्या दशकात, पॅरिसमध्ये. हवेचा टायर आला 1888 मध्ये, डनलॉपमुळे. सायकल जगभर पसरली, पण श्रेय ड्राइसला मिळेना. जर्मनीत त्याची प्रतिमा विक्षिप्त म्हाताऱ्याची केली गेली होती. फ्रान्समध्ये तर 1891 मध्ये एका लेखकाने 1790 च्या एका फ्रेंच सरदाराने आधीच असं यंत्र बनवल्याची गोष्ट छापली. ती खोटी होती, पण कित्येक दशकं पुस्तकांत फिरत राहिली.

ड्राइसची बाजू घेतली ती सायकलवाल्यांनी. 1891 मध्ये त्याचे अवशेष कार्ल्सरूहच्या मुख्य स्मशानभूमीत हलवले गेले आणि 1893 मध्ये सायकलस्वारांच्या संघटनांनी त्याचं स्मारक उभारलं. पुढे 2017 मध्ये पहिल्या सफरीला दोनशे वर्षं झाली, तेव्हा जर्मनीने त्याच्या यंत्राचं चित्र असलेलं 20 युरोचं नाणं काढलं. ज्याचं निवृत्तीवेतन सरकारने जप्त केलं, त्याचंच यंत्र सरकारी नाण्यावर आलं.

आणि त्याचं मूळ यंत्र संपलं का? नाही. कुठल्याही बागेत बघा, दोन-तीन वर्षांची पोरं बिनपेडलच्या छोट्या सायकलवर पायाने जमीन ढकलत सुसाट पळत असतात, वेग आला की पाय वर घेतात. ते बॅलन्स बाइक म्हणजे दुसरं काही नाही, ड्राइसचंच यंत्र आहे. दोनशे वर्षांपूर्वी मोठ्यांना जे वेडेपणाचं वाटलं, ते आता तीन वर्षांच्या पोराला सहज जमतं.