विश्लेषण : फटाक्याने दृष्टी अधू झालेल्या पलुस्करांनी गाणे कागदावर कसे आणले? अंध कीबोर्डवादकांना आज त्याचा काय उपयोग?

बुलढाणा जिल्ह्यात भजनी मंडळ नाही असे गाव सापडणे कठीण. पेटी, पखवाज, टाळ आणि एकादशीची रात्र. या मंडळांत दृष्टी नसलेला एखादा पेटीवादक असला तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही, कारण पेटी कानाने आणि बोटाने शिकता येते. अडचण पुढे सुरू होते. संगीताची परीक्षा द्यायची, बंदिश लिहून ठेवायची किंवा घरच्या संगणकावर गाणे ध्वनिमुद्रित करायचे म्हटले की समोर कागद किंवा पडदा येतो.

हिंदुस्थानी संगीत सर्वसामान्यांसाठी कागदावर आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांची स्वतःची दृष्टी लहानपणीच अधू झाली होती. १८ ऑगस्ट ही त्यांची जयंती आणि २१ ऑगस्ट ही पुण्यतिथी. गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक ही त्यांची ओळख सर्वांना आहे. मात्र डोळे, कागद आणि सूर यांचा जो गुंता त्यांच्या आयुष्यात दिसतो, तोच आज मिडी कीबोर्ड घेऊन संगणकासमोर बसणाऱ्या अंध वादकासमोर आहे.

डोळ्यांना नेमके काय झाले?

पलुस्करांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. हे तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातले छोटे संस्थान होते. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार, त्यामुळे घरात गाणे होते, पण मुलाने गवई व्हावे असा बेत नव्हता. तो शाळेत जात होता. दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. कुरुंदवाडला उपचाराची सोय नव्हती, म्हणून त्याला जवळच्या मिरजेला नेण्यात आले. डोळे पूर्ववत झाले नाहीत. पुस्तकी शिक्षणाचा रस्ता तिथेच बंद झाला.

त्या काळी अशा मुलापुढे पर्याय तरी किती होते? कीर्तन, भिक्षुकी किंवा गाणे. मिरजेत पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते तेच हे बुवा. मिरज संस्थानच्या आश्रयाने विष्णू त्यांच्याकडे शिकू लागला. हे शिक्षण सुमारे १२ वर्षे चालले. पद्धत जुनीच होती. गुरूने म्हणायचे, शिष्याने तसेच्या तसे म्हणायचे आणि सगळे डोक्यात साठवायचे. वही नाही, पुस्तक नाही. दृष्टी अधू असलेल्या मुलाला या पद्धतीत कोणतीच अडचण नव्हती, आणि हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

मग मिरज का सोडली?

१८९६ मध्ये गुरुशिष्यांत अंतर पडले आणि पलुस्कर बाहेर पडले. चरित्रांमध्ये या काळातला एक प्रसंग सांगितला जातो. मिरजेतल्या एका समारंभाचे निमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतल्या विष्णूला आले, पण त्याच्या गुरूंना आले नाही, कारण ते केवळ गवई होते. गाणे ऐकायला हवे, पण गाणारा पंगतीला नको, हा तेव्हाचा व्यवहार. पलुस्करांना तो आयुष्यभर सलत राहिला, असे त्यांच्या पुढच्या निर्णयांवरून म्हणता येते.

बडोदा, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास झाला. बंदिशींचे शब्द समजावेत म्हणून मथुरेला त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. सौराष्ट्रात त्यांनी दरबाराबाहेर, सर्वांसाठी खुला कार्यक्रम केला. आज तिकीट काढून मैफिलीला जाणे आपल्याला साधे वाटते. तेव्हा शास्त्रीय गाणे राजवाड्यात नाही तर देवळात असायचे.

लाहोरला काय घडले?

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. राजाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफिलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीत शाळा होती. सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही आणि पलुस्कर रिकाम्या वर्गात तंबोरा घेऊन ठरल्या वेळी रियाज करत बसत, अशी आठवण सांगितली जाते.

नंतर चित्र पालटले. ठरलेला अभ्यासक्रम, वेळापत्रक, परीक्षा, मुलींसाठी वर्ग, शिक्षक तयार करण्यासाठी वेगळे विद्यार्थी अशी घडी बसली. संस्थेचा स्वतःचा छापखाना होता आणि वाद्यांची कार्यशाळाही. ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके निघू लागली. एका खोलीत एका गुरूकडून एका शिष्याला मिळणारी विद्या शेकडो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवायची, तर तिला लिखित रूप देणे भाग होते. त्यातून पलुस्करांची स्वरलिपी आली.

ही स्वरलिपी कशी असते?

सारेगमपधनी ही अक्षरे तीच. बाकीची सगळी माहिती अक्षराच्या वर आणि खाली केलेल्या खुणांतून मिळते. पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब असेल तर तो मंद्र सप्तकातला, उभी रेघ असेल तर तार सप्तकातला. स्वर किती वेळ धरायचा याच्या खुणा अक्षराखाली येतात. सम १ या आकड्याने दाखवतात आणि खाली अधिक चिन्हाने.

त्याच काळात पं. विष्णू नारायण भातखंडे यांनीही आपली स्वरलिपी तयार केली. तिच्यात वरचे टिंब म्हणजे तार सप्तक आणि खालचे टिंब म्हणजे मंद्र. म्हणजे एकाच टिंबाचे दोन पद्धतींत दोन उलट अर्थ! संगीताच्या विद्यार्थ्यांचा हा गोंधळ आजही होतो. सोपी असल्याने भातखंडे पद्धत जास्त पसरली. पलुस्करांची पद्धत लयीचे बारकावे अधिक नेमके टिपते, पण लिहायला किचकट आहे, असे जाणकार मानतात.

आता अडचणीची बाजू. बारीक टिंबे, रेघा, अर्धगोल ही सगळी यंत्रणा पूर्णपणे डोळ्यांवर अवलंबून आहे. बाळकृष्णबुवांच्या समोर बसून कानाने शिकलेला, अधू दृष्टीचा तो मुलगा या पुस्तकांपुढे अडला असता. पलुस्करांना दोष देण्याचा हा मुद्दा नाही. छापील पुस्तकाशिवाय गाणे घराण्यांच्या भिंतींबाहेर आले नसते, हेही तितकेच खरे. पण ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही, ते या सोयीतून बाहेर राहिले.

ब्रेलने हा प्रश्न सुटला नाही का?

अर्धा सुटला. लुई ब्रेल स्वतः अंध होते आणि ऑर्गन वाजवत. १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात अक्षरांबरोबर संगीत लिहिण्याची पद्धतही होती. सहा टिंबांच्या ६३ रचनांमध्ये स्वर, कालावधी, सप्तक सगळे बसते. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये निश्चित झाली.

पण ब्रेल बोटांनी वाचतात आणि पेटीही बोटांनीच वाजते. एक हात कागदावर ठेवला तर वाजवायला एकच हात उरतो. त्यामुळे अंध वादक आधी एकेक ओळ वाचून पाठ करतो आणि मग दोन्ही हातांनी वाजवतो. म्हणजे लिपी मिळूनही शेवटी पाठांतरच!

मुंबईत शाळेचे काय झाले?

१९०८ मध्ये पलुस्करांनी मुंबईत शाखा उघडली आणि हळूहळू मुख्य काम तिथेच आले. शाळा आणि वसतिगृहासाठी स्वतःची इमारत हवी म्हणून त्यांनी मोठे कर्ज काढले. फेडण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे गावोगावी मैफिली. विद्यार्थ्यांकडून मिळणाऱ्या पैशांत एवढा पसारा चालणे शक्य नव्हते. मैफिलीसाठी फिरावे तर शाळेकडे दुर्लक्ष, शाळेत थांबावे तर हप्ता थकणार, अशी ही कोंडी होती. १९२४ मध्ये ते दौऱ्यावर असताना सावकारांनी मालमत्तेवर जप्ती आणली आणि इमारतीचा लिलाव झाला.

घरातही दुःखच होते. बारा अपत्यांपैकी एकच मुलगा जगला, तो म्हणजे पुढे ख्यातनाम झालेले पं. दत्तात्रेय विष्णू ऊर्फ डी. व्ही. पलुस्कर. शेवटच्या वर्षांत पलुस्कर रामभक्तीकडे वळले आणि नाशिकला आश्रम काढून राहिले. गांधीजींच्या प्रार्थनेमुळे देशभर पोहोचलेल्या रामधुनीच्या चालीचे श्रेय त्यांनाच दिले जाते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना जिथे आणले होते, तेच हे गाव. तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता.

इमारत गेली, पण शिष्य होते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी ही फळी. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगावची मुले देतात, बुलढाणा जिल्ह्यातलीही.

मिडी कीबोर्डचा यात संबंध काय?

मिडी ही १९८३ पासून वापरात असलेली, वाद्य आणि संगणक यांच्यातली भाषा. पट्टी दाबली की कीबोर्ड आवाज पाठवत नाही, आकडे पाठवतो. कोणता स्वर आणि किती जोराने, दोन्ही ० ते १२७ मध्ये. आपल्याकडची पांढरी एक म्हणजे मधल्या सप्तकात साधारणपणे ६० क्रमांक, काळी एक ६१. थोडक्यात ही सुद्धा स्वरलिपीच आहे, फक्त ती लिहायला आणि वाचायला डोळे लागत नाहीत. वाजवले की आपोआप लिहिले जाते. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटात असल्याने बोटांना जागाही सापडते.

अडचण पडद्यावर आहे. ध्वनिमुद्रणाची बहुतेक सॉफ्टवेअर चित्रमय असतात. रंगीत पट्टे, लहरी, माऊसने फिरवायची बटणे. अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या मदतीने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने. बटणाचे नुसते चित्र काढले आणि त्याला नावच दिले नाही, तर स्क्रीन रीडर गप्प बसतो. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे फार अवघड काम नाही. बहुतेक वेळा ते कुणाच्या यादीतच नसते.

जिथे वाट निघाली तिथे ती वापरणाऱ्यांनीच काढली आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केला. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो. टेह यांनीच पुढे रीपर या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरसाठी ओसारा नावाची मोफत जोड सुरू केली. कोणता ट्रॅक निवडला, कर्सर कितव्या मात्रेवर आहे, आवाज किती ठेवला, हे ती बोलून सांगते आणि सगळे काम माऊसशिवाय होते. रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. मॅक वापरणाऱ्यांसाठी लॉजिक प्रो हे सॉफ्टवेअर व्हॉइसओव्हरसोबत चालते. काही मिडी कीबोर्ड आता बटणाला हात लावताच त्याचे नाव संगणकातून ऐकवतात.

सुरुवात करणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. स्क्रीन रीडरचा आवाज आणि गाणे एकाच वेळी कानावर पडते, त्यामुळे पहिले काही दिवस गोंधळ उडतो. मिडीचे ध्वनिमुद्रण मात्र त्याने बिघडत नाही, कारण तिथे माइक नसतो, फक्त आकडे नोंदले जातात.

मींडेचे काय?

इथे मिडी अजून चाचपडते. तिचे मूळ आकडे सप्तकाचे बारा भाग धरून आहेत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे मींड, बारा खणांत बसत नाही. त्यासाठी कीबोर्डच्या डाव्या बाजूला पिच बेंडचे चाक असते आणि त्याचे आकडे वेगळे नोंदले जातात. हे चाक किती फिरवले याचा अंदाज पडद्यावरून घेता येतो तसा बोटांनीही येतो, कारण सोडले की ते आपोआप मध्यावर परत येते. ‘सा’वरून ‘ग’वर नेमके थांबायला किती फिरवायचे हे कोणतेही सॉफ्टवेअर शिकवत नाही. ते गुरूसमोर बसून, ऐकून, पुन्हा पुन्हा वाजवूनच जमते.