नामचंद पवळाबाई हिवरगावकर : मराठी निबंध



डिसेंबर आला की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते आणि पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. पडदा, कपडे, लाईट, माईक… एवढा खर्च करायचा कुठून? अशा वेळी मुलांना आपल्याच जिल्ह्यातल्या एका मोठ्या कलावतीची गोष्ट सांगावी, असं मला वाटतं.

पुणे–नाशिक महामार्गावर संगमनेरजवळ हिवरगाव पावसा हे गाव आहे. आज टोलनाक्यामुळे हे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण एके काळी ते अख्ख्या महाराष्ट्रात पोहोचलं ते पवळाबाईंमुळे.

जन्म आणि सुरुवात

पवळाबाई भालेराव यांचा जन्म 1870 साली हिवरगावात एका महार कुटुंबात झाला. संगमनेर म्हणजे शाहीर अनंत फंदींचं गाव. त्यामुळे या भागाला लावणी आणि ढोलकी नवी नव्हती. पण त्या काळी तमाशात बाईची भूमिका पुरुषच करत. त्याला नाच्या म्हणत. अशा वेळी पवळाबाई स्वतः लोकांसमोर उभ्या राहिल्या, गायल्या, नाचल्या. तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून त्यांची ओळख आहे. आज हे वाचायला सोपं वाटतं. पण एका गरीब, दलित घरातल्या मुलीनं हजारो पुरुषांच्या नजरेसमोर उभं राहायला काय धाडस लागलं असेल, याचा विचार करून पाहा.

फड चालायचा कसा?

तमाशाच्या फडाचं भांडवल अगदी थोडं असायचं. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज एवढी वाद्यं. उजेडाला मशाली. मागे पडदा नाही, देखावा नाही. फेटा बांधला की नट राजा झाला, आणि बोर्डावर एक फेरी मारली की दुसरं गाव आलं! आधी गण, मग गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग, असा रात्रभराचा कार्यक्रम. जाहिरातही तशीच, म्हणजे एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी. जत्रेत एका गावानं पाहिलं की शेजारचं गाव सुपारी द्यायला तयार.

म्हणजे फडाची खरी पुंजी दोनच गोष्टींत होती : चांगलं लिहिणारा माणूस आणि लोकांना खेचून आणणारं नाव.

पठ्ठे बापूरावांची साथ

लिहिणारा माणूस होता पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते रेठरे हरणाक्षचे, आजच्या सांगली जिल्ह्यातले. ब्राह्मण घरातल्या या माणसानं कुलकर्णीपण सोडून तमाशाचा रस्ता धरला आणि समाजाचा राग ओढवून घेतला. बापूरावांची लेखणी आणि पवळाबाईंचा गळा एकत्र आला, तसा फड गाजू लागला. मुंबईत घाटावरून आलेल्या कामगारांनी त्यांना डोक्यावर घेतलं. 'मिठाराणी' हा बापूरावांचा वग तर फार गाजला. 'नामचंद पवळा' एवढं नाव कानी पडलं तरी लोक गोळा व्हायचे.

पण ही जोडी टिकली नाही. दोघांत वितुष्ट आलं. रात्री गाजवणाऱ्या बापूरावांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. पवळाबाई 1939 मध्ये वारल्या.

मागे काय उरलं?

मित्रांनो, मला इथे एक गोष्ट खटकते. लावणी लिहिणारा शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतो. बापूरावांनीही गुंफलं, म्हणून त्यांचं नाव त्यांच्या रचनांबरोबर टिकलं. पण ज्या आवाजानं ती लावणी लोकांच्या मनात बसवली, त्याला कुठल्या ओळीत जागा? 1950 साली चित्रपट आला, त्याचंही नाव 'पठ्ठे बापूराव'. पवळाबाईंमागून कितीतरी स्त्रिया बोर्डावर आल्या. कांताबाई सातारकर तर संगमनेरातच स्थिरावल्या. तरी आपल्या मुलांना पवळाबाईंचं नाव क्वचितच माहीत असतं. तमाशा हा शब्द आपण भांडणासाठी वापरतो आणि त्यावर पोट भरणाऱ्या कलावंतांकडे नाक मुरडतो, हेही त्यामागचं कारण आहेच.

आपण काय शिकायचं?

पैसा कमी आहे म्हणून नाटक अडत नाही, हे फडानं दाखवून दिलं. यंदा आपणही एक प्रयोग करून पाहू. पडदा नको, भाड्याचे कपडे नकोत. घरातला फेटा, एक ढोलकी आणि मुलांनीच लिहिलेली गावातली गोष्ट, एवढं पुरे.

मात्र फळ्यावर नावं लिहिताना लेखक आणि दिग्दर्शकावर थांबू नका. गाणारी, नाचणारी, ढोलकी वाजवणारा, सतरंजी अंथरणारा, सगळ्यांची नावं लिहा. पवळाबाईंच्या जिल्ह्यातल्या शाळेनं एवढं तरी करायलाच हवं, नाही का?