आयसेनहॉवर यांची उमेदवारीची वर्षे

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देऊन निकालाकडे डोळे लावून बसलेली मुले आज आपल्याही घरांतून दिसू लागली आहेत. लेखी परीक्षा झाली की मुलाखत, मुलाखत झाली की वैद्यकीय तपासणी, आणि एवढे सर्व पार पडूनही गुणवत्तायादीत नाव दिसेपर्यंत घरात कोणास स्वस्थता म्हणून नाही. अशा घरांतील मुलांनी व वडीलमंडळींनीही अमेरिकेचे ३४ वे अध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर यांच्या आयुष्यातील १९१० व १९११ ही दोन वर्षे अवश्य पाहावीत. त्यांच्या युद्धातील कर्तृत्वाची हकीकत सर्वश्रुत आहे. ते कर्तृत्व ज्या दारातून आत आले ते दार किती अरुंद होते, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सास संस्थानातील डेनिसन या गावी झाला. परंतु बालपण गेले ते कॅन्ससमधील ॲबिलीन या लहानशा गावात. वडील तेथील बेल स्प्रिंग्ज क्रीमरी या लोण्याच्या कारखान्यात नोकरीस होते. सात मुलगे जन्मले, त्यांपैकी एक तान्हेपणीच गेला. उरलेल्या सहांची पोटे भरून त्यांस उच्च शिक्षण देण्याइतकी त्या घराची ऐपत नव्हती. आई आयडा ही अत्यंत धर्मनिष्ठ, आणि युद्ध हे पाप होय असे मनोमन मानणारी स्त्री होती.

१९०९ साली ड्वाइट व त्याचा वडील भाऊ एडगर हे दोघे एकाच वेळी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. दोघांनी आपसांत करार केला की, एकाने कमवावे व दुसऱ्याने शिकावे, आणि मग पाळी बदलावी. एडगर कायदा शिकण्यासाठी मिशिगनला गेला. ड्वाइट वडिलांच्याच कारखान्यात लागला. प्रथम बर्फाच्या लाद्या ओढणे, मग भट्टीत कोळसा घालणे, आणि अखेरीस रात्रपाळीची देखरेख. सायंकाळी सहा ते सकाळी सहा, आठवड्याचे सातही दिवस, म्हणजे ८४ तास. वेतन महिना ९० डॉलर. वर्ष सरले तेव्हा भावाने आणखी एक वर्ष मागितले आणि याने ते दिले. वीस वर्षांच्या उंबरठ्यावरील मुलाने आपली पाळी अशी मुकाट्याने पुढे ढकलावी, ही गोष्ट लहान नव्हे.

एव्हरेट हॅझलेट नावाचा एक मित्र रात्री कारखान्यात गप्पा मारावयास येत असे. धुतलेल्या फावड्यावर दोघे भट्टीच्या आचेवर अंडी तळून खात. ती अंडी कारखान्याच्याच कोठीतली असत, हे लपविण्याचे कारण नाही. हॅझलेटला ॲनापोलिसच्या नाविक विद्यालयासाठी शिफारस मिळाली होती, पण गणितात तो नापास झाला होता व पुन्हा तयारी करीत होता. तूही चल, असा आग्रह त्याने १९१० च्या उन्हाळ्यात धरला. ड्वाइटला रणांगणाची ओढ होती असे समजण्याचे कारण नाही. तेथे शिक्षण फुकट मिळते, हेच त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे आकर्षण होते.

परंतु त्या विद्यालयांत कोणीही उठून परीक्षेस बसू शकत नसे. काँग्रेसच्या सभासदाची शिफारस आधी हाती असावी लागे. जिल्ह्याच्या प्रतिनिधीजवळच्या जागा भरल्या होत्या. उरले सिनेटर जोसेफ ब्रिस्टो. ड्वाइटने २० ऑगस्ट रोजी त्यांना पत्र लिहिले, मग दुसरे लिहिले, आणि गावातील प्रतिष्ठित मंडळींच्या दारी जाऊन शिफारसपत्रे मागितली. सुदैवाने ब्रिस्टो यांनी वशिल्याऐवजी चाचणी परीक्षा घेण्याचे ठरविले होते. येथे एक डाग मात्र सांगितलाच पाहिजे. पत्रात ड्वाइटने आपले वय एक वर्षाने कमी लिहिले. ॲनापोलिसला वयाची मर्यादा २० होती व ती त्याच्या हातून निसटत होती. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयास २२ वर्षांपर्यंत मुभा असल्यामुळे तेथे या असत्याची गरजही नव्हती. चरित्रकारांनी हे दडविले नाही, आपणही दडवू नये.

रोज दुपारी दोघे मित्र अभ्यासास बसत. रात्री पुन्हा कारखाना. ऑक्टोबरच्या ४ व ५ तारखांस टोपीका येथे आठ उमेदवारांची परीक्षा झाली. ड्वाइट दुसरा आला. दुसरा येणे म्हणजे आशा ठेवण्यास पुरेसे आणि निश्चिंत होण्यास अपुरे! पहिल्यास डावलून दुसऱ्यास कोण निवडणार? तीन आठवडे हा मुलगा अशा अधांतरी अवस्थेत होता. अखेर ब्रिस्टो यांनी २४ ऑक्टोबरच्या पत्राने वेस्ट पॉइंटसाठी त्याचे नाव कळविले. नाविक विद्यालयाचे स्वप्न संपले, पण दार उघडले.

तरीही ती केवळ शिफारस होती. खरी प्रवेशपरीक्षा जानेवारी १९११ मध्ये सेंट लुईजवळील जेफर्सन बॅरक्स येथे व्हावयाची होती. त्यासाठी तो पुन्हा आपल्या जुन्या शाळेत जाऊन धाकट्या मुलांबरोबर वर्गात बसला. परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि १४ जून १९११ रोजी तो वेस्ट पॉइंटला दाखल झाला. आईने त्याला एका शब्दानेही अडविले नाही. तो दृष्टीआड झाल्यावर ती आपल्या खोलीत जाऊन रडली. आईचे रडणे आपण त्या दिवशी प्रथम ऐकले, असे सर्वांत धाकट्या मिल्टनने पुढे नमूद करून ठेवले आहे.

प्रवेश मिळाला म्हणजे टांगणी संपली असे नाही. १९१२ च्या फुटबॉलच्या हंगामात गुडघा कायमचा दुखावला. १९१५ साली पदवीच्या वेळी, अशा पायाच्या माणसास अधिकारपद द्यावे की नाही, असा प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. चार वर्षे काढून रिकाम्या हाताने परतण्याची वेळ आली होती. आयसेनहॉवर यांनी अर्जेंटिनात जाण्याविषयी माहितीही मागविली. अखेर घोडदळ मागणार नाही या अटीवर ते पायदळात घेतले गेले. १६४ जणांत त्यांचा क्रमांक ६१ वा होता. याच वर्गातून पुढे ५९ जण जनरल झाले.

पुढेही तेच. पहिल्या महायुद्धात ते गेटिसबर्गजवळ रणगाडा दलास शिक्षण देत राहिले. फ्रान्सला निघण्याची तारीख १८ नोव्हेंबर १९१८ ठरली आणि ११ तारखेस युद्ध थांबले. त्यानंतर १९२० पासून १९३६ पर्यंत, सोळा वर्षे, मेजरच्या हुद्द्यावरच! डिसेंबर १९४३ मध्ये ते युरोपातील दोस्त फौजांचे सरसेनापती म्हणून निवडले गेले. जून १९४४ मध्ये हवामानामुळे नॉर्मंडीवरील उतरण एक दिवस पुढे ढकलावी लागली, तो एक दिवस त्यांनी कसा काढला असेल याची कल्पना करावी. ज्यांनी त्यांना निवडले ते ब्रिस्टो त्या वेळी हयात होते. त्याच वर्षीच्या जुलैत ते वारले. १९५३ ते १९६१ अध्यक्षपद, डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीची भेट, आणि २८ मार्च १९६९ रोजी देहावसान.

आणि हॅझलेट? दुसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला व १९११ सालीच ॲनापोलिसला दाखल झाला. १९३९ साली हृदयविकारामुळे त्याला नौदलातून निवृत्त व्हावे लागले. भट्टीपाशी रात्रीच्या गप्पांचा हा सोबती १९५८ साली निधन पावला, तोपर्यंत अध्यक्षांच्या कचेरीतून त्याला लांबलचक पत्रे जात असत.