श्रीसंत गाडगेबाबा : हातचा पैसा व हातचे काम



परीट कुळात जन्म घेऊन साऱ्या महाराष्ट्राचे झालेले श्रीसंत गाडगेबाबा यांची तसबीर आपल्या समाजातील बहुतेक घरांत भिंतीवर आहे. हाती खराटा, दुसऱ्या हाती गाडगे व अंगावर चिंध्यांचे वस्त्र हे त्यांचे रूप लहान मुलेही ओळखतात. बाबांनी ग्रामसफाई केली, धर्मशाळा बांधल्या, कीर्तने केली, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एका धाग्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही, असे आम्हांस वाटते. तो धागा पैशाचा होय. ज्यांनी स्वतःसाठी कवडीही जवळ ठेवली नाही, त्यांनीच गोरगरिबांस पैशाचे मोल जन्मभर समजावून सांगितले. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात खऱ्या; पण त्या तशा नाहीत, हेच या लेखात दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेणगाव येथे झाला. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी जाऊन अकाली निवर्तले. घरदार विस्कटले आणि माता सखूबाई लहानग्या डेबूस घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. भुसावळहून नागपूरकडे जाणारा जो लोहमार्ग आपल्या वरणगावावरून जातो, त्याच मार्गावर मूर्तिजापूर आहे. तेव्हा हा मुलूख आपणांस परका नाही. तीच काळी जमीन, तोच कापूस आणि तोच उन्हाळा.

त्या काळचा गावगाडा कसा चाले, हे तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाचे कपडे वर्षभर धुवावयाचे आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने बलुते घ्यावयाचे, अशी रीत होती. पोटाला भाकरी मिळे, पण हाती नाणे क्वचितच पडे. शेतकऱ्याची स्थितीही फार निराळी नव्हती. सरकारी सारा मात्र रोखीने भरावा लागे. लग्न, बारसे, दिवस या प्रसंगी बाजारातील माल रोखीने आणावा लागे. ज्याच्या घरी धान्य आहे पण रोकड नाही, तो अशा वेळी सावकाराच्या पायरीशी जाई.

त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. वाढलेला खर्च व काढलेले कर्ज मात्र मागे राहिले. बाबांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी दंगे करून सावकारांची कर्जखते जाळली. त्यावर सरकारने १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सावकाराने ऋणकोस पैसे पोचल्याची लेखी पावती द्यावी व वर्षाचा हिशेब दाखवावा, अशी तरतूद त्यात होती. परंतु तो कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. वऱ्हाड त्यांत नव्हते.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, डेबूजींच्या मामांच्या घरावर जी आपत्ती आली ती याच वाटेने आली. मामा चंद्रभानजी हे कष्टाळू शेतकरी. डेबूजी बालपणी गुरे राखीत, पुढे नांगर धरू लागले, पेरणी, निंदणी, कापणी ही सारी कामे त्यांनी आत्मसात केली. पूर्णेच्या पुरात पोहण्यात व भजन म्हणण्यात त्यांचा हातखंडा होता. घरात कष्टाला तोटा नव्हता. तोटा होता तो अक्षरओळखीचा. मामांनी सावकाराचे कर्ज घेतले, वेळोवेळी फेडही केली, पण फेडीची पावती घेतली नाही. कागद सावकाराचा, लेखणी सावकाराची आणि आकडाही सावकाराचाच. अखेर पिकती जमीन गेली, आणि त्या धक्क्याने मामा खचून निवर्तले. सावकार शेताचा ताबा घेण्यास आला तेव्हा तरुण डेबूजी नांगर सोडून हटले नाहीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु एकाच्या धैर्याने कर्जाची रीत बदलत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी जाणले असले पाहिजे. घाम गाळण्यात ते घर कोठेही उणे नव्हते. एक कागदाचा कपटा वेळीच न घेतल्याने ते बुडाले.

डेबूजींचा विवाह १८९२ साली कुंताबाईंशी झाला. पुढे कन्यारत्न झाले. बारशाला जातभाईंस मद्यमांसाचे जेवण द्यावे, अशी त्या वेळची चाल होती, आणि त्यासाठी ऋण काढणे कोणासही गैर वाटत नसे. डेबूजींनी ही चाल मोडली व गोडाधोडाचे साधे जेवण दिले. जातभाई रुष्ट झाले. ज्या मद्याने वडील गेले व ज्या कर्जाने मामा गेले, त्या दोहोंस आपल्या दारात पुन्हा थारा द्यावयाचा नाही, असा हा निश्चय होता. आमच्या मते बाबांच्या समाजसुधारणेचा आरंभ येथेच, स्वतःच्या अंगणात, झाला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. वस्तू म्हणून जवळ एक गाडगे; तेच जेवणाचे ताट, तेच पाण्याचे भांडे. परंतु बाबा भिक्षेकरी नव्हते, हे ध्यानी घेतले पाहिजे. गावात शिरताच ते हाती खराटा घेऊन रस्ते व गटारे झाडीत, कोणाची लाकडे फोडीत, कोणाच्या शेतात राबत, आणि मगच भाकरी घेत. फुकटचे अन्न त्यांनी कधी मानले नाही. हाती नाणे नसले तरी हाती काम आहे तोवर मनुष्य दरिद्री नव्हे, हा त्यांच्या आचरणाचा अर्थ होता.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या तीरी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. स्नानाने मनुष्य ऋणमुक्त होतो, ही श्रद्धा त्या नावातच आहे. नदीकाठच्या चिखलात यात्रेकरूंचे, विशेषतः वृद्धांचे व स्त्रियांचे, हाल होत. बाबांनी कुदळ, फावडे व टोपले घेऊन स्वतः कामास आरंभ केला, लोकांस हाताशी धरले आणि तेथे घाट बांधविला. ज्यांचे कर्ज नदीच्या पाण्याने धुतले जात नव्हते, त्यांस श्रमाने काय उभे राहते हे बाबांनी डोळ्यांसमोर दाखविले.

रात्री कीर्तन होई. शुद्ध वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच मुखातून काढीत. उपदेश साधा व हिशेबी असे. ऋण काढून सण करू नये, लग्नात उधळपट्टी करू नये, नवसापायी मुके प्राणी मारू नयेत, मद्यास शिवू नये, शिवाशीव पाळू नये. ताट नसेल तर हातावर भाकरी घ्यावी, बायकोने हलके लुगडे नेसावे, पण मुलास शाळेत घातल्यावाचून राहू नये. पाहा, येथे काटकसर म्हणजे केवळ पोटास चिमटा घेणे नव्हे. ताटाचे पैसे वाचवून ते कोठे घालावयाचे, हे बाबा त्याच श्वासात सांगत. ज्या अक्षरज्ञानाच्या अभावी मामांची जमीन गेली, त्यातच वाचलेला पैसा घालावा, असा हा सरळ हिशेब आहे.

लोकांनी बाबांच्या शब्दावर अपार द्रव्य दिले. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे व मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयास बाबांचेच नाव आहे. एवढ्या इमारती उभ्या राहिल्या; पण बाबांनी स्वतःसाठी खोली राखली नाही, आणि आपल्या कुटुंबीयांनी त्या पैशावर जगू नये, हा कटाक्ष पाळला. १९५२ साली रीतसर विश्वस्त संस्था करून त्यांनी सारा व्यवहार लेखी बंदोबस्तात ठेवला. ज्यांच्या घराचा घात पावतीवाचून झाला, त्यांनी लोकांच्या पैशाची व्यवस्था कागदावर आणली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांची प्राणज्योत मावळली. डॉ. आंबेडकरांच्या निर्वाणास तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. आज अमरावतीच्या विद्यापीठास बाबांचे नाव आहे आणि शासनाचे ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावे निघाले. परंतु तसबिरीस हार घालणे सोपे, हिशेब ठेवणे कठीण.

आम्ही आयुष्यभर मुलांस अंकगणित शिकविले, म्हणून एक उदाहरण मांडतो. लग्नासाठी दरमहा शेकडा २ व्याजाने ५०,००० रुपये घेतले, तर वर्षाचे व्याज १२,००० रुपये होते. पाच वर्षांत व्याजच ६०,००० रुपये होऊन मुदलास मागे टाकते, आणि मुद्दल जागच्या जागी राहते. मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो. हा आकडा मात्र पाच वर्षे घरात जेवावयास बसतो. आज बलुते गेले, सावकाराच्या वहीच्या जागी हप्त्याचा कागद आला, आणि पैसे भ्रमणध्वनीवरून क्षणात जातात. पैसा डोळ्यांस दिसत नाही तेव्हा तो अधिकच जपावा लागतो. महिन्याचा खर्च वहीत मांडावा, सही करण्यापूर्वी कागद वाचावा, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपून ठेवावी.

तसेच हातच्या कामाचे. परिटाच्या मुलास घाट, भट्टी, नीळ, खळ व इस्त्री यांची लाज वाटू लागली आहे. मुलांनी अवश्य शिकावे, अधिकारी व्हावे. पण आपल्या अंगरख्याचे बटण लावणे, कपडे धुऊन इस्त्री करणे, स्वयंपाक करणे, घरातील मोडकेतोडके नीट करणे ही कामे मुलांस व मुलींस सारखीच आली पाहिजेत. ज्याला ही कामे येतात त्याचा रुपया घरात टिकतो, आणि नोकरी गेली तरी तो उपाशी मरत नाही.

पुढील वर्षी आपल्या मंडळाने सामुदायिक विवाह योजावा, आणि वाचलेल्या रकमेतून गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्काची तरतूद करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. तिचा जमाखर्च याच स्मरणिकेत छापावा. बाबांस तो हारापेक्षा अधिक रुचला असता, यात आम्हांस संशय नाही.

इत्यलम्.