निर्दोषालाही वकील हवाच

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण न्यायालयाच्या दारात किती तोकडी पडते, याचा दाखला आल्फ्रेड ड्रेफस या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या आयुष्याने दिला आहे.

१८५९ साली आल्सेस प्रांतातील म्युलूझ येथे एका सधन ज्यू गिरणीमालकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७१ मध्ये तो प्रांत जर्मनीकडे गेला; ड्रेफस मात्र फ्रान्सशी एकनिष्ठ राहून तोफखान्यात कॅप्टन झाले. १८९४ च्या ऑक्टोबरात जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. पुरावा म्हणजे जर्मन वकिलातीच्या केराच्या टोपलीतील एक फाटकी चिठ्ठी. तिचे अक्षर ड्रेफस यांच्या अक्षराशी जुळत नव्हते तेथे त्यांनी ते मुद्दाम बदलले, असा तर्क बेर्तियाँ या तज्ज्ञाने लढविला. अशा तर्कापुढे निरपराध माणसाने नुसता नकार देऊन काय साधणार?

एदगार दमांज या नामांकित वकिलाने कागदपत्रे वाचून, पक्षकाराच्या निर्दोषित्वाची खात्री पटल्यावर वकीलपत्र घेतले. परंतु खटला बंद दाराआड चालला आणि दमांज यांना न दाखविलेले एक गुप्त पाकीट न्यायाधीशांच्या हाती देण्यात आले. निकाल एकमताने विरुद्ध गेला. जाहीर मानखंडना झाली आणि ड्रेफस यांची रवानगी गियानाच्या किनाऱ्याजवळील डेव्हिल्स बेटावर झाली.

मग वकिलाचा उपयोग तो काय झाला, असे कोणी विचारील. उत्तर त्या पाकिटातच आहे. उघड पुरावा दुबळा होता, म्हणूनच या चोरवाटेची गरज भासली. आणि खटला पुन्हा उभा राहण्याचे एक कारणही तीच चोरवाट ठरली. वकील हरला तो युक्तिवादात नव्हे. जे दिसलेच नाही, त्याला उत्तर देता येत नाही.

पुढे लेफ्टनंट कर्नल पिकार यांनी एस्तराझी हा खरा गुन्हेगार शोधून काढला, १८९८ मध्ये एमिल झोला यांनी लेखणी उचलली आणि मेजर आंरी यांनी केलेली बनावट उघडकीस आली. १८९९ मध्ये रेन येथे फेरखटला झाला. दमांज यांच्या जोडीला फेर्नां लाबोरी होते. खटला चालू असतानाच त्यांच्यावर गोळी झाडली गेली. पाच विरुद्ध दोन मतांनी ड्रेफस पुन्हा दोषी ठरले, तेही ‘सौम्यकारी परिस्थिती’ची पुस्ती जोडून. राष्ट्राध्यक्षांनी दहा दिवसांत क्षमा केली. पण क्षमा म्हणजे निर्दोषित्व नव्हे. ते मिळविण्यासाठी मोर्नार या वकिलांना सर्वोच्च न्यायालयात चिकाटीने झुंजावे लागले. १२ जुलै १९०६ रोजी शिक्षा कायमची रद्द झाली.

ड्रेफस सन्मानाने सैन्यात परतले, पहिल्या महायुद्धात लढले आणि १९३५ मध्ये त्याच १२ जुलैला त्यांचे निधन झाले.

काय दडवायचे हे गुन्हेगाराला ठाऊक असते. आपल्याविरुद्ध काय रचले आहे, हे निरपराध्याला ठाऊक नसते. ते उलगडून दाखविणारा माणूस त्यालाच अधिक हवा. सत्य स्वयंप्रकाशी असेलही. पण न्यायालयात त्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहावे लागते. ड्रेफस यांच्यासाठी माणसे उभी राहिली, तरीही सत्याला बारा वर्षे लागली. ज्याच्यामागे कोणीच नसते, त्याचे काय होत असेल?